महिनाभराचा सीपॅप आणि हृदयाची बिघडलेली लय : फरक कशात पडतो, किती दिवसांत?

अनघा_मिरज

सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. माहिती एकदमच देते, म्हणजे उलटे प्रश्न कमी पडतील.

वय ६३, वजन ९४ किलो, उंची १६८ सेंमी, गळ्याचा घेर ४३ सेंमी. दीड वर्षापासून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल लय, पुढे एएफ म्हणते), येऊन-जाऊन होणारं. इकोमध्ये पंपिंग ५५ टक्के, डावा वरचा कप्पा ४४ मिमी. गोळ्या : अ‍ॅपिक्सॅबॅन ५ मिग्रॅ दोन वेळा (रक्त गोठू न देणारं), मेटोप्रोलॉल ५० रात्री, टेल्मिसार्टन ४० सकाळी. २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) एएफ एकूण सव्वापाच तास, त्यातलं बहुतेक मध्यरात्रीनंतरचं. शिवाय दोन पॉज (हृदय क्षणभर थांबणं) : पहाटे २.५० ला ३.१ सेकंदांचा, ४.२० ला ३.६ सेकंदांचा. दिवसा चक्कर नाही, शुद्ध कधी हरपलेली नाही. पहाटेचे पॉज बघून घरीच स्लीप टेस्ट करवली. एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ४१, ऑक्सिजन सर्वात खाली ७४, आणि ९० च्या खाली रेकॉर्डिंगच्या २२ टक्के वेळ.

सात आठवड्यांनी अ‍ॅब्लेशन (कॅथेटरने एएफचा उगम निकामी करणं) ठरलंय. तोवर महिनाभर ऑटो-सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) भाड्याने घेऊन बघा, असं सांगितलं. मशीनचा दाब ४ ते २० वर ठेवून दिलाय, मास्क फुल फेस. पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट : सरासरी वापर ३ तास १० मिनिटं, मशीन लावूनही उरलेला एएचआय १२ (त्यात सेंट्रल, म्हणजे घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वास न सुटणं, ५), ९५ टक्क्यांचा दाब (९५ टक्के वेळ याच्या आत) ११.२, ९५ टक्क्यांची गळती ३८ लिटर. कंपनी रेसमेड.

प्रश्न तीन. महिन्याभरात एएफ कमी दिसायला हवा का, आणि नाही दिसला तर सीपॅपचा उपयोग नाही असं धरायचं का? पॉजमुळे पेसमेकरचा विषय निघालाय, तो सीपॅपचा परिणाम कळेपर्यंत थांबवता येतो का? आणि मशीनच्या या आकड्यांचं काय करायचं?

लयवाचक

अनघाताई, एएफ आणि पॉज हे दोन वेगळे हिशेब आहेत. पॉजचं उत्तर सीपॅप काही रात्रींत देतो, एएफला महिने लागतात. दोन्ही एकाच होल्टरवर उमटले म्हणून एकाच महिन्यात दोन्हींचा निकाल लावायला जाऊ नका.

झोपेतल्या श्वासरोधात घसा मिटलेला असतो तेव्हा माणूस श्वास घ्यायचं थांबवत नाही, छाती ओढ घेतच राहते. हवा आत येत नाही, त्यामुळे छातीच्या पोकळीत उणे दाब वाढत जातो. तो उणे ६० सेंमी पाणी, कधी त्याहूनही खाली जातो. हृदयाचा डावा वरचा कप्पा पातळ भिंतीचा, तो या ओढीने ताणला जातो. त्याच वेळी ऑक्सिजन उतरत असतो आणि व्हेगस नस जोर धरते, म्हणून नाडी मंदावते. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि अ‍ॅड्रिनॅलिनची लाट येते. नाडी काही सेकंदांत उसळते, रक्तदाबही उसळतो. तासाला ४१ म्हणजे सात तासांच्या झोपेत हे चक्र पावणेतीनशेच्या वर वेळा झालं.

यातला मंदावण्याचा भाग प्रतिक्षिप्त आहे. श्वास अडकला तर होतो, नाही अडकला तर नाही. म्हणून घसा उघडा राहिला की खरे श्वासरोधाचे पॉज त्याच रात्री थांबतात. एएफचं तसं नाही. व्हेगसमुळे वरच्या कप्प्याच्या पेशींचा विश्रांतीचा काळ आखूड होतो आणि फुप्फुसाच्या शिरांकडून आलेला एखादा अवेळी ठोका तिथे फिरत राहतो, हे त्या रात्रीचं कारण. पण वर्षानुवर्षं ताण आणि रक्तदाब सोसून कप्पा ४४ मिमीचा झाला, त्याच्या भिंतीत तंतू वाढले, ते एका महिन्यात परत जात नाहीत.

आता पेसमेकर. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत मंद नाडीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. झोपेतली मंद नाडी किंवा पॉज दिसले तर श्वासरोधाची लक्षणं शोधा आणि तो आढळला तर त्यावर उपचार करा. आणि फक्त झोपेतच थांबे येत असतील, पेसमेकरचं दुसरं कारण नसेल, तर पेसमेकर बसवू नका. ३ सेकंदांचा आकडा घाबरवतो खरा, पण सायनस नोडच्या (हृदयाची लय ठरवणारं केंद्र) पॉजमध्ये अमुक सेकंदांच्या पुढे पेसमेकर असा नियम नाही, लक्षणं जुळायला लागतात.

पण तुमच्याकडे एक गुंता आहे. सासऱ्यांना एएफ येऊन-जाऊन आहे, आणि एएफ थांबतानाही पॉज येतो. तो श्वासाचा नसतो. एएफच्या गोंधळात सायनस नोड दबलेला असतो आणि एएफ एकदम थांबला की त्याला जागं व्हायला वेळ लागतो. या पॉजवर सीपॅप लगेच काही करत नाही. तेव्हा होल्टरच्या रिपोर्टचं पहिलं पान बाजूला ठेवा आणि त्या दोन वेळांच्या पट्ट्या मागून घ्या. पॉजच्या आधीचे दहा सेकंद बघायचे. पी लहरी (वरच्या कप्प्याच्या व्यवस्थित ठोक्याची छोटी खूण) दिसतात का? दिसत असतील तर त्यांच्यातलं अंतर हळूहळू वाढत जातंय का, की आधी वेडीवाकडी रेघ आणि असमान ठोके आहेत, मग सपाट, मग पहिला व्यवस्थित ठोका? उत्तर इथे लिहा.

मेटोप्रोलॉल रात्री का दिलंय तेही डॉक्टरांना विचारा. आपणहून वेळ बदलू नका, मात्र पहाटेचे पॉज आणि रात्रीचा बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध, म्हणजे मेटोप्रोलॉल) यांची सांगड ही विचारण्यासारखीच गोष्ट आहे. आणि अ‍ॅपिक्सॅबॅनला सीपॅपच्या निकालाशी बांधू नका. सीपॅपने एएफ कमी झाला तरी गुठळीची जोखीम वय, रक्तदाब, मधुमेह अशा गोष्टींवर ठरते, आणि अ‍ॅब्लेशनच्या आधी तर एकही डोस चुकता कामा नये.

झोपतंत्र

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. आधी एक : या आठवड्यातला उरलेला एएचआय १२ आणि त्यातले सेंट्रल ५, दोन्ही आकडे आत्ता मनावर घेऊ नका. रेसमेडच्या मशीनवर मास्कच्या ठरलेल्या छिद्रातून जाणारी हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात, आणि तिची मर्यादा २४ लिटर प्रतिमिनिट धरतात. तुमची ३८ आहे. गळती एवढी असली की मशीनला श्वासाचा आकार नीट दिसत नाही. शिवाय तीन तासांच्या वापरात बराच भाग जागेपणीचा असणार. जागा माणूस मास्क सारखा करताना श्वास रोखतो, कुशीवर वळतो, उसासा टाकतो, आणि मशीन त्याची नोंद ‘सेंट्रल’ म्हणून करतं. मशीनला मेंदूचे तरंग दिसत नसतात.

४ ते २० ही फॅक्टरीतून येतानाची सेटिंग आहे, उपचाराची नव्हे. प्रौढ माणसाला ४ वर मास्कमध्ये हवा कमी पडल्यासारखं वाटतं, विशेषतः फुल फेसमध्ये. घुसमटून मास्क काढला जातो, वापर ३ तासांवर अडकण्याचं हे नेहमीचं कारण. वरचं टोक २० मोकळं ठेवलं की उलटं होतं : गळती वाढते, झोप मोडते, मशीन घोरण्याचा आवाज समजून दाब चढवतं, दाब चढला की मास्क उचलला जातो आणि गळती आणखी वाढते. ९५ टक्क्यांचा दाब ११.२ आहे, तर गळती आटोक्यात आल्यावर खालचं टोक ७ किंवा ८ आणि वरचं १३ असं मागून घ्या. प्रिस्क्रिप्शन ज्यांनी दिलंय त्यांची संमती घेऊन भाड्याने देणारा तंत्रज्ञ पाच मिनिटांत बदलतो. रॅम्प (दाब हळूहळू चढवणं) ठेवायचा तर ६ पासून, २० मिनिटांचा. ‘ऑटो’ रॅम्प असेल तर उत्तम, झोप लागेपर्यंत तो दाब खाली धरतो.

श्वास सोडताना दाब कमी करणारी सोय, रेसमेडवर ईपीआर, ती ३ वर असेल तर १ किंवा २ वर आणा. ३ वर काहींना आराम वाटतो, पण कार्बन डायऑक्साइड जरा जास्त धुऊन निघतो आणि खरे सेंट्रल वाढू शकतात.

मास्क. नाक दोन्ही बाजूंनी मोकळं असेल तर फुल फेस सोडून नाकाचा मास्क घ्या. फुल फेसचे पट्टे खालचा जबडा मागे ढकलतात, जीभही मागे सरते. त्यामुळे त्याच माणसाला फुल फेसवर दाब जास्त लागतो आणि उरलेला एएचआयही जास्त राहतो. ‘तोंड उघडं राहतं म्हणून फुल फेस’ हे विक्रेत्याचं ठरलेलं वाक्य. नाक चोंदलेलं असतं म्हणून तोंड उघडं राहतं बऱ्याचदा. रात्री सलाइनचा फवारा, अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांकडून स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे, आणि आठवडाभर बघा. नाक उघडणारे झटपट थेंब मात्र नकोत. ते सलग वापरले की नाक उलट जास्त चोंदतं, आणि ते रक्तवाहिन्या आकसवणारं औषध आहे, एएफच्या माणसाला त्यापासून लांबच ठेवा.

मास्क बसवायचा तो आडवं झाल्यावर. बसून घट्ट केलेला मास्क आडवं झालं की गालांची चरबी सरकते आणि सुटतो. सगळे पट्टे सैल करा, मशीन चालू करून दाब १० च्या आसपास येऊ द्या, सिलिकॉनची गादी चेहऱ्यापासून किंचित ओढून हवेने फुगू द्या, परत टेकवा, मग वरचे पट्टे, मग खालचे, गळती थांबेल इतपतच. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. नाकाच्या हाडावर लाल व्रण उठत असेल तर मास्क लहान आहे किंवा ओढून बांधलाय. मिशी दाट असेल तर गादीची कड तिच्यावर बसते आणि तिथूनच हवा सुटते, वरच्या ओठावर मिशी बारीक करणं किंवा नाकपुड्यांत बसणारा पिलो मास्क, यांपैकी काहीतरी करावं लागतं. कवळी रात्री काढून ठेवत असतील तर मास्क कवळी काढूनच मापून घ्या, गाल आत बसतात. आणि डोक्याला रात्री खोबरेल तेल नको. पट्टे घसरतात, सिलिकॉन चिकट होऊन फुगतं. तोंड साबणाने धुवून मास्क, सकाळी गादी साध्या साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवणं, एवढं रोज.

ह्युमिडिफायर बंद ठेवू नका. अ‍ॅपिक्सॅबॅन चालू आहे, नाकाची त्वचा कोरडी पडली की रक्त येतं आणि थांबायला वेळ लागतो. ३ किंवा ४ पासून सुरू करा. पाणी डिस्टिल्ड, मेडिकलच्या दुकानातलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी श्वासासाठी नसतं, ते वापरू नका. बोअरच्या पाण्याने टाकीच्या तळाला पांढरा थर धरतो. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा. पंख्याच्या वाऱ्यात नळी गार होऊन आत पाणी साठत असेल आणि गुडगुड आवाज येत असेल तर नळी पांघरुणातून घ्या किंवा आर्द्रता एक अंक उतरवा.

वीज जाण्याची काळजी : इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असलेला बरा. ह्युमिडिफायर आणि गरम नळीच सगळ्यात जास्त वीज खातात, वीज गेलेल्या रात्री ते बंद करून नुसता दाब चालू ठेवता येतो. मशीन बंद पडलं तर फुल फेस मास्कला हवा आत घेणारी झडप असते, ती धूळ किंवा लाळेने चिकटलेली नाही ना हे आठवड्यातून एकदा बघा.

फिल्टरबद्दल कंपनीची मुदत धरू नका. रस्त्यालगतचं घर असेल तर दोन-तीन आठवड्यांतच काळा पडतो. भाड्याचं मशीन देताना बहुतेकजण जुनाच फिल्टर ठेवतात, उघडून बघा. मशीनचं मॉडेलही बघा. रेसमेडचं आहे म्हणून तुमचा प्रश्न नाही, पण भाड्याच्या आणि जुन्या बाजारात फिलिप्सची ती मशीन अजून फिरताना दिसतात, जी आतल्या फोमच्या झिजेमुळे कंपनीने जून २०२१ मध्ये परत मागवली होती.

अनघा_मिरज

दोघांचेही आभार. पट्ट्या मिळाल्या. ४.२० चा (३.६ सेकंद) पॉज : आधी पी लहरी आहेत, त्यांच्यातलं अंतर प्रत्येक ठोक्याला वाढत गेलंय, मग थांबा, मग नाडी एकदम ९५ वर. २.५० चा (३.१) : आधी असमान ठोके, पी नाही, मग सपाट रेघ, मग संथ पण सरळ लय.

नाकाचा मास्क बदलून घेतला, ७ ते १३ केलं, ईपीआर १. चार रात्रींची सरासरी ५ तास २० मिनिटं, गळती १४, उरलेला एएचआय ४.१, सेंट्रल १.८. लघवीला रात्री चार वेळा उठायचे ते एकदाच. हे सीपॅपमुळेच का?

लयवाचक

४.२० चा पॉज पुस्तकातला आहे. हळूहळू मंदावणं हे व्हेगसचं, आणि शेवटची ९५ ची उसळी म्हणजे श्वास सुटल्याची. होल्टरच्या पूर्ण रात्रीचा नाडीचा आलेख मागितलात तर तिथे करवतीच्या दात्यांसारखी चढउतार दिसेल, मिनिटा-दीड मिनिटाला एक. २.५० चा मात्र एएफ थांबतानाचा आहे. त्यावर महिनाभर सीपॅप लावून निकाल मागू नका. त्याचा उपाय एएफ कमी करणं हाच, आणि अ‍ॅब्लेशन त्यासाठीच आहे. चक्कर नसताना ३.१ सेकंदांच्या अशा एका पॉजवर पेसमेकरची घाई सहसा करत नाहीत. तुमच्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टना (हृदयाच्या लयीचे डॉक्टर) या दोन पट्ट्या वेगवेगळ्या करून दाखवा, ‘पहाटेचे दोन पॉज’ असं एकत्र सांगू नका. दिवसा एकदाही डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र हिशेब बदलतो, तेव्हा त्याच दिवशी कळवायचं.

पुढचा होल्टर मशीन लावूनच करा, आणि वापर सलग ५-६ तासांवर स्थिर झाल्यावर. शक्य असेल तर ४८ तासांचा. डायरीत मास्क लावल्याची आणि काढल्याची वेळ घड्याळ बघून लिहा, होल्टरचं घड्याळ आणि मशीनचं घड्याळ जुळतंय का तेही पाहून ठेवा. नाहीतर पहाटे पाचला पॉज दिसतो आणि तेव्हा मास्क होता की काढून ठेवला होता यावर वाद होतो. मास्क असताना पॉज नाहीत, मास्क काढल्यावर आहेत, हे दिसलं की पेसमेकरचा प्रश्न तिथेच सुटतो.

लघवीचं हो, त्यामुळेच. वरचा कप्पा ताणला गेला की त्यातून एक हॉर्मोन सुटतं आणि ते मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगतं. शरीराला वाटतं, रक्त जास्त झालंय. ताण थांबला की हॉर्मोन उतरतं. बहुतेकजण प्रोस्टेटच्या मागे लागतात आणि हे राहून जातं. तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने कप्प्यावरचा ओढा कमी झाल्याचं हे लवकर दिसणारं चिन्ह आहे.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अभ्यासांमधून द्यायचं तर निराशाजनक आणि उपयोगी दोन्ही आहे.

सीपॅपची बाजू भक्कम वाटते ती निरीक्षणांमुळे. २००३ च्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात विजेचा झटका देऊन लय सरळ केल्यावर वर्षभरात एएफ परत आला, तो उपचार न घेतलेल्या श्वासरोधाच्या रुग्णांत ८२ टक्क्यांना आणि सीपॅप घेणाऱ्यांत ४२ टक्क्यांना. हा आकडा प्रत्येक सादरीकरणात असतो. त्यात सीपॅप घेणारे फक्त १२ होते, हे मात्र कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये अ‍ॅब्लेशननंतरचा असाच अभ्यास आला : सीपॅप वापरणाऱ्या ७१.९ टक्क्यांत एएफ परतला नाही, न वापरणाऱ्यांत ३६.७ टक्क्यांत. इथेही कोण सीपॅप वापरणार हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. जो माणूस रोज मास्क लावतो तो गोळ्याही वेळेवर घेतो, वजनही सांभाळतो. त्याचा फायदा कुणाच्या खात्यात टाकायचा?

चिठ्ठ्या टाकून केलेला नॉर्वेचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या सासऱ्यांसारखेच रुग्ण, येऊन-जाऊन एएफ आणि एएचआय १५ च्या वर. त्वचेखाली रेकॉर्डर बसवून पाच महिने बघितलं. सीपॅप गटात एएफमध्ये जाणारा वेळ ५.६ वरून ४.१ टक्क्यांवर आला, सीपॅप न लावलेल्या गटात ५.० वरून ४.३ वर. फरक नगण्य. पाच महिन्यांत जिथे दिसला नाही तिथे एका महिन्यात दिसेल अशी अपेक्षा ठेवणं मशीनवर अन्याय आहे. येऊन-जाऊन होणारा एएफ असाही कधी आठवडाभर गप्प असतो, कधी तीन दिवस सलग. दोन होल्टरची तुलना करून ‘गुण आला’ किंवा ‘नाही आला’ म्हणणं म्हणजे नाणं उडवणं.

खास अल्प मुदतीचं बघायचं तर तीन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवावेत. २००० साली ४५ नव्या रुग्णांचा होल्टर सीपॅपच्या आधी आणि दोन-तीन दिवसांच्या सीपॅपनंतर झाला. ८ जणांत लक्षणीय दोष होते, त्यातल्या ७ जणांत ते गेले. इतक्या लवकर जाणारे दोष म्हणजे लयवाचक म्हणतात ते, श्वासाला बांधलेले. २००५ मध्ये टोरंटोच्या अभ्यासात हृदय कमजोर असलेल्या रुग्णांत महिनाभराच्या सीपॅपने खालच्या कप्प्यांचे अवेळी ठोके ५८ टक्क्यांनी उतरले. रुग्ण थोडे होते, पण चिठ्ठ्या टाकून. आणि २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ८३ पुरुषांना महिनाभर खरा किंवा नावापुरत्या दाबाचा सीपॅप दिला. नाडीचा सरासरी वेग उतरला, लयीतल्या दोषांच्या संख्येत फरक पडला नाही.

माझं मत : महिनाभराच्या सीपॅपचा निकाल एएफवर लावू नये. बघायचं ते एवढंच, की वापर चार तासांच्या वर, शक्यतो पाच-सहा तास टिकतो का, उरलेला एएचआय ५ च्या खाली राहतो का, रात्रीचा ऑक्सिजन सुधारतो का, सकाळचा रक्तदाब उतरतो का. २०१६ च्या मोठ्या ‘सेव्ह’ चाचणीत, ज्यात भारतातलेही रुग्ण होते, सरासरी वापर ३.३ तास होता आणि हृदयविकार कमी झाले नाहीत. तुमचा पहिला आठवडा त्याच आकड्यावर होता. आरईएम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, जास्त करून पहाटे असते आणि तिच्यातच श्वासरोध सर्वात वाईट असतो. तीन तासांनी मास्क काढला की नेमका तोच भाग उघडा राहतो. तुमच्या होल्टरवर एएफ मध्यरात्रीनंतर आहे आणि पॉज ४.२० ला, तेव्हा सुरुवातीचे तास नव्हे तर पहाटेचे तास मोजा.

वजनाचं राहिलंच. ९४ वरून दहा टक्के, म्हणजे साडेनऊ किलो. अ‍ॅडलेडच्या २०१५ च्या पाहणीत दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलेल्या एएफच्या रुग्णांत जवळपास निम्मे गोळ्या आणि अ‍ॅब्लेशनशिवाय लयीत राहिले. सीपॅपबद्दल इतका मोठा आकडा कुणाकडे नाही. दारू असेल तर ती आधी बंद. ती घसाही सैल करते आणि एएफही आणते.

झोपतंत्र

नवे आकडे चांगले आहेत. सेंट्रल ५ वरून १.८, म्हणजे आधीचे गळतीचे आणि जागेपणीचेच होते बहुधा. तरी नोंद ठेवा : एएफ असलेल्यांत सेंट्रल श्वासरोध इतरांपेक्षा जास्त आढळतो. महिन्याअखेर ते ५ च्या वर गेले आणि गळती नसेल तर मशीन बदलून एएसव्ही (प्रत्येक श्वासानुसार दाब बदलणारं मशीन) घ्या असा सल्ला कुणी देईल. सासऱ्यांचं पंपिंग ५५ आहे म्हणून ते अगदीच वर्ज्य नाही, पण ४५ किंवा त्याखाली असलेल्यांत एएसव्हीने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचं २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत दिसलं. म्हणून ताजा इको बघितल्याशिवाय ते मशीन घरात आणू नये. सुरुवातीचे सेंट्रल नुसता सीपॅप चालू ठेवल्यावर काही आठवड्यांत बऱ्याचदा आपोआप उतरतात.

मशीनचा एएचआय हा मशीननेच स्वतःला दिलेला दाखला. एका रात्री मनगटी रेकॉर्डिंग ऑक्सिमीटर मास्कसोबत लावा. एएफमध्ये त्यावरचा नाडीचा आकडा भरवशाचा नसतो, ऑक्सिजनचा चालतो. ९० च्या खालचा वेळ २२ टक्क्यांवरून १-२ टक्क्यांवर यायला हवा. एएचआय ४ आणि तरी ऑक्सिजन सलग खाली असेल तर फुप्फुस किंवा स्थूलतेमुळे श्वास उथळ पडतोय का ते तपासावं लागतं, तिथे नुसता दाब पुरत नाही.

आणि भाड्याची तारीख बघा. महिना संपतो चौथ्या आठवड्यात, अ‍ॅब्लेशन सातव्या. मशीन परत केलं की श्वासरोध पहिल्या काही रात्रींतच परत येतो आणि बिनामास्क माणूस टेबलावर जातो. भाड्याची मुदत वाढवून घ्या किंवा विकत घ्या, मधे खंड नको.

लयवाचक

झोपतंत्र यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. अ‍ॅब्लेशनला जाताना मशीन, मास्क, नळी आणि अडॅप्टर पिशवीत घालून सोबत न्या, आणि भरती होतानाच भूलतज्ज्ञांना एएचआय, दाब आणि मास्कचा प्रकार सांगा. भूल किंवा गुंगीच्या औषधाने घसा अधिकच सैल होतो. छाती जोरजोरात ओढ घेऊ लागली की हृदय हलतं आणि कॅथेटरची टेकलेली जागाही सरकते, म्हणून हे डॉक्टरांच्या कामाच्याही सोयीचं आहे.

लोक विसरतात ते नंतरचे तास. मांडीच्या शिरेतून नळ्या घातलेल्या असतात, त्या काढल्यावर पाय सरळ ठेवून काही तास उताणं पडून राहावं लागतं. उताणी झोप ही श्वासरोधाची सगळ्यात वाईट अवस्था, वर औषधांची गुंगी उतरलेली नसते. वॉर्डात ऑक्सिजनची नळी नाकात घालून देतात, त्याने आकडा बरा दिसतो पण घसा उघडत नाही. तिथेच मास्क लागतो. रात्रपाळीच्या सिस्टरना मशीन चालू करून दाखवा, नातेवाईक जवळ असेलच असं नाही.

अ‍ॅब्लेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत एएफचे झटके आले तरी ते अपयश धरत नाहीत, जखम भरत असते. त्या काळात सीपॅप सोडू नका.

अनघा_मिरज

भाड्याची मुदत दोन महिन्यांनी वाढवली, मेटोप्रोलॉलचं सोमवारी विचारते. शेवटचा प्रश्न. नव्या नाकाच्या मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाचे क्लिप आहेत, लावायला फार सोपे. सासूबाईंना पेसमेकर आहे आणि दोघं एकाच पलंगावर झोपतात. चालेल?

झोपतंत्र

तो मास्क तसाच वापरू नका. २०२२ आणि २०२३ मध्ये फिलिप्स आणि रेसमेड दोघांनीही आपल्या चुंबकी क्लिपच्या मास्कबद्दल सूचना काढल्या होत्या : पेसमेकर, डिफिब्रिलेटर किंवा शरीरात तत्सम उपकरण असलेल्या माणसापासून चुंबक किमान १५ सेंमी लांब हवा, आणि ही अट मास्क लावणाऱ्यालाच नव्हे, शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे. चुंबक अगदी जवळ आला की पेसमेकर हृदयाचे ठोके बघायचं सोडून ठरलेल्या वेगाने चालू लागतो, डिफिब्रिलेटर असेल तर तो झटका देणं थांबवतो. लांब नेला की सहसा पूर्ववत होतं, पण झोपेत कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर आहे हे कोण मोजणार. त्याच मापात साध्या प्लॅस्टिकच्या हुकांचे मास्क मिळतात, विक्रेत्याकडून बदलून घ्या. सासऱ्यांना पुढे कधी पेसमेकर लागलाच तरी मास्क परत बदलावा लागणार नाही.